रबरातली पानं

इंग्रजी बोलायला शिकवणारं जे पुस्तक मी क्लासात वापरते, त्यात राज्यपद्धतींचा धडा बारावा आहे. आधी हॉटेलात जेवण मागवणं, मग विमानतळावर सामान हरवलं तर काय बोलायचं, आणि मग एकदम राजेशाही, हुकूमशाही, लोकशाही. विमानतळाचं जाऊ द्या, माझ्या निम्म्या पोरींनी नांदुऱ्याचं स्टेशनसुद्धा धड पाहिलेलं नाही. धड्याच्या चित्रात एक मुकुटवाला राजा, एक बूटवाला लष्करी माणूस आणि पेटीत कागद टाकणाऱ्या हसऱ्या बाया. खाली प्रश्न: तुमच्याकडे सत्ता कोणाच्या हाती असते? चर्चा करा.

चर्चा! डोंबलाची चर्चा. दरवर्षी ह्या धड्याला पोरी मुक्या होतात. लोकशाहीची पाठ केलेली व्याख्या पोपटासारखी म्हणतात आणि खाली बसतात. हॉटेलच्या धड्याला ह्याच पोरी वेटरला नुसतं फैलावर घेतात.

आमचं गाव धामणगाव बढ्याचा बाजार करणारं. नाव सांगत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि त्यांनी ओळखू नये असंच मला वाटतं. मी इथल्या खाजगी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. अंशतः अनुदानित, म्हणजे अर्धी नोकरी सरकारची आणि अर्धी देवाची. पुढच्या टप्प्याच्या अनुदानाची फाइल संस्थेच्या अध्यक्षांच्या टेबलावर कितीतरी वर्षं पडून होती. संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत कॉलेजच्या पोरींचा क्लास घेते. माझा स्वभाव तापट आहे, हे गावभर माहीत आहे. मलाही त्याचा जरा अभिमानच होता. मॅडम कोणाले भीत नाही, असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून घ्यायचे.

त्या वर्षी सात पोरी होत्या. त्यातली एक बौद्धपुऱ्यातली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, एस.टी.नं तालुक्याला कॉलेजात जायची. वडील लहानपणीच गेलेले. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. ती पहिल्यांदा कामावर लागली तेव्हा दोन-चार घरांनी लेकरांना घरून डबे द्यायला सुरुवात केली होती. कारण कोणी बोललं नाही, आणि कारण सगळ्यांना माहीत होतं. पण त्या बाईच्या हाताला अशी चव, की महिन्याभरात पोरंच डबे दप्तरात दाबून खिचडीच्या रांगेत बसायला लागली. तिला सगळी शाळा मावशी म्हणायची. ह्या एका कामावर मायलेकींचं घर चालत होतं आणि पोरीचं कॉलेजही. मावशीला दुसऱ्याच्या शेतात निंदायला जावं लागत नव्हतं, ह्याचं तिला फार अप्रूप होतं.

तर बारावा धडा. पोरी नेहमीप्रमाणे मुक्या. माझं डोकं फिरलं.

"बोला ना वो बायाहो! राजाचं मरू द्या. आपल्या गावात सत्ता कोणाच्या हाती हाये, ते सांगा."

पोरी फिसकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. एक जण हळूच म्हणाली, "मॅडम, कोणी आयकलं त?"

"इंग्रजीतच बोलायचं हाये ना? ह्या गावात कोणाच्या बापाले कळते इंग्रजी!"

खोली हसून हसून दुमदुमली. मीही हसले. ते वाक्य आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आमचा सरावाचा एक ठरलेला रिवाज होता. घरी जाऊन विषयावर दोन मिनिटं बोलायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि क्लासच्या ग्रुपवर टाकायचं. दुसऱ्या दिवशी मी चुका सांगायचे. बाकीच्या सहा जणींनी गावाबद्दल काहीतरी गोलमटोल पाठवलं. आमचं गाव सुंदर आहे, आमचे सरपंच चांगले आहेत, छाप. ह्या पोरीनं मात्र खरंच सांगितलं.

तिचं इंग्रजी साधं होतं, वाक्यं छोटी. ती म्हणाली, आमच्या गावात सरपंच बाई आहेत, पण त्यांच्या खुर्चीत त्यांचे मालक बसतात. बाईंना ग्रामपंचायतीचा रस्ता माहीत आहे की नाही, मला शंका आहे. आमच्याकडे लोक ग्रामसभेला जात नाहीत, ग्रामसभाच लोकांच्या दारात येते. शिपाईकाकांच्या बगलेत बसून येते. ती म्हणजे एक रजिस्टर आहे. सभेला मोजकी माणसं असतात आणि सह्या पुष्कळ लागतात, म्हणून सभा झाल्यावर ते रजिस्टर घरोघर फिरतं. पुढच्या पानांवर ठराव असतात, पण ती पानं रबरानं बांधलेली असतात. शेवटचं पान मोकळं असतं. माझी आई चुलीपुढून उठते, पदराला हात पुसते आणि सही करते. मी विचारलं, आई, तू कशावर सही केली? आई म्हणाली, शेवटच्या पानावर.

मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ऐकलं आणि पुन्हा ऐकलं. भाजी करपली. इतकी वर्षं शिकवून राह्यले, पहिल्यांदा कोणी माझ्या क्लासात इंग्रजीत काहीतरी बोललं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं, पाठ थोपटली आणि म्हटलं, "घरी आईले आयकव. मोठ्यानं लाव. तिलेबी कळू दे पोरगी काय करून राह्यली."

तिनं ऐकवलं. आणि मावशीनं ते अख्ख्या गावाला ऐकवलं.

चार दिवसांनी मावशी मला रस्त्यात भेटली. चेहऱ्यावर नुसता उजेड. "जय भीम मॅडम. आयकलं मी पोट्टीचं इंग्रजी. एक अक्षर कळलं नाही, पण काय सुसाट बोलते वो माय!" हापशीवरच्या बायांना ऐकवलं म्हणाली. शाळेत हेडमास्तरांना ऐकवलं. ते ऐकता ऐकता एकदम उठून आत गेले म्हणाली, काम निघालं असेल. आणि भाऊंनाही ऐकवलं.

भाऊ म्हणजे सरपंच बाईंचे मालक. गाव त्यांना भाऊच म्हणतं. ते शाळेत तांदळाच्या पोत्यांची पाहणी करायला आले होते. मावशीनं चुलीजवळून पदर सावरत जाऊन त्यांच्यापुढे फोन धरला. त्यांनी हात मागं बांधून शेवटपर्यंत ऐकलं. वा रे वा म्हणाले, पोरगी गावाचं नाव काढन म्हणाले. मग म्हणाले, "मले पाठवजा ना. पुतण्या आला पुण्याहून, त्याले आयकवतो." मावशीला पाठवता येत नव्हतं. तिनं फोनच त्यांच्या हातात दिला.

"तुमचे उपकार हायेत मॅडम," मावशी म्हणाली. मी तिला काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? ज्या माणसाबद्दल तुझी पोरगी बोलली, त्यालाच तू नेऊन ऐकवलंस, हे त्या तोंडाकडे बघून मला सांगवलं नाही.

दोन दिवसांनी भाऊ घरी आले. एकटेच. चहा मागून घेतला.

"मॅडम, क्लासात काय शिकवून राह्यले आजकाल?"

"इंग्रजी."

"ते त हायेच. पण इंग्रजीत काय?"

"राज्यपद्धती."

ते मोठ्यानं हसले. "मंग आपलं राज्य इतकं खराब हाये काय हो?" त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "तुमच्यावाल्या अनुदानाचं काय झालं? काल याहीबुवाकडं गेलतो, थे म्हणत होते फाइल अजून टेबलावरच हाये." संस्थेचे अध्यक्ष त्यांचे व्याही.

पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं? मला वाटायचं, मी करते. त्या दिवशी कळलं की मी आजवर कधी पाण्यातच उतरले नव्हते.

"भाऊ, ती सरावाची उदाहरणं असतात," मी म्हटलं. "पोरी मनानं रचून बोलतात."

"म्हणजे खोटं हाये ना थे?"

"सरावाचंच आहे."

"खोटं हाये का नाही, तेवढं सांगा."

"हो," मी म्हटलं.

"झालं मंग," ते म्हणाले आणि बशी खाली ठेवली. जाताना दारातल्या तुळशीचं कौतुक करून गेले.

पोरीला मी ते रेकॉर्डिंग काढून टाकायला सांगितलं. तिनं विचारलं, काऊन. मी म्हटलं, उगीच गावात बोभाटा नको. ती माझ्याकडे बघत राहिली. "पण मॅडम, खरंच हाये ना थे?" मी तिच्यावर खेकसले. आधी उच्चार सुधार, मग खऱ्याखोट्याचं पाहू, असं काहीतरी म्हणाले. तिचे उच्चार वर्गात सगळ्यांपेक्षा चांगले होते. तिनं फोन काढला आणि माझ्यासमोर ते पुसलं.

पुढे काही झालं नाही. भाऊ रस्त्यात भेटले की नमस्कार करायचे. होळी गेली, परीक्षा गेल्या. मला वाटलं, मिटलं. मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकीही दिली, की एका शब्दानं प्रकरण मिटवलं.

मे महिन्यात मी अंगणात कुरड्या घालत होते. ऊन डोक्यावर आलं होतं, चीक घट्ट व्हायला लागला होता, सोऱ्या सारखा अडत होता आणि मी त्याला शिव्या देत होते. फाटकातून ग्रामपंचायतीचे शिपाई आले. बगलेत रजिस्टर.

"मॅडम, सही पाह्यजे व्हती."

"कशाची?"

"ग्रामसभेची. नेहमीचीच."

हात चिकानं बरबटलेले. मी पदराला हात पुसले, पेन घेतलं आणि सही केली. शिपाई म्हणाले, कुरड्या पांढऱ्याशुभ्र झाल्या बाप्पा. मी म्हटलं, तळल्यावर या खायला. ते पुढच्या घरी गेले.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. मावशी नेहमीसारखी पहाटे आंघोळ करून, नवीन चौकडीचा रुमाल खांद्यावर टाकून शाळेत गेली. चुलीपुढे दुसऱ्या बाया बसल्या होत्या. हेडमास्तर म्हणाले, मावशी, ग्रामसभेत ठराव झाला, काम बचत गटाला गेलं. मावशीला वाटलं, आजच्या दिवसाचं असेल. ती व्हरांड्यात बसून राहिली. खिचडी झाली, पोरं जेवली, ताटल्या धुतल्या गेल्या, तेव्हा उठली. पोरांनी विचारलं, मावशी, तुम्ही काऊन नाही वाढून राह्यल्या? हे मला पोरीनं सांगितलं. सांगताना ती रडली नाही.

मी पेटले. "ठराव? कोणता ठराव? कधी झाली ग्रामसभा? आपल्याले कोणी सांगितलं का? थांब, माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. मी सांगते, लिही." मी तिला अर्ज सांगितला, खोलीत येरझारा घालत. ठरावाची प्रत, उपस्थितांच्या सह्यांची प्रत, साक्षांकित. बाकीच्या पोरी तोंडं उघडी टाकून माझ्याकडे बघत होत्या. मी सत्ता, संमती, नागरिक असे मोठमोठे इंग्रजी शब्द फळ्यावर लिहिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण खरं सांगते, त्या वेळी मला मे महिन्यातलं ते दुपारचं पेन आठवलंसुद्धा नाही. सही करणं म्हणजे काही करणं, असं माझ्या डोक्यातच नव्हतं.

प्रती यायला महिना लागला. ती कागद घेऊन थेट क्लासात आली. सगळ्या जणी होत्या. मी म्हटलं, वाच.

तिनं ठराव वाचला. शाळेतील स्वयंपाकाबाबत पालकांच्या तक्रारी असल्याने सदर काम गावातील महिला बचत गटास देण्यात यावे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ठराव सर्वानुमते मंजूर.

"सर्वानुमते!" मी ओरडले. "सर्वानुमते म्हणे! आता सह्या वाच. मोठ्यानं वाच. कळू दे सगळ्याइले, कोणी कोणी सह्या केल्या ते."

ती एकेक नाव वाचायला लागली. बोट कागदावर, आवाज सरळ. भाऊंचं घर, बाजूची आळी, देवळाजवळची घरं, मग बौद्धपुरा. मध्येच ती थांबली. "ही आईची सही हाये," म्हणाली. मी वाकून पाहिलं. मावशी सही करायला पोरीकडून शिकली होती. अक्षरं सुटी सुटी, मोठी, दिलेल्या चौकटीबाहेर जाणारी. स्वतःचं काम काढून घेण्याच्या ठरावाला त्या बाईनं सगळ्या पानात सगळ्यात जपून सही केली होती. एक पोरगी हुंदका दाबायला तोंडावर ओढणी धरून बसली.

तिनं पान उलटलं. मी तिच्या समोर बसले होते, कागद मला उलटा दिसत होता. तरी दिसली. सगळ्या मराठी सह्यांमध्ये एकच इंग्रजी, खाली ऐटीत रेघ ओढलेली. बाजूला चिकाचा डाग असावा, छायाप्रतीत तो काळा आला होता.

ती वरची नावं वाचत खाली आली. माझ्या नावावर तिचं बोट आलं आणि थांबलं. तिनं मान वर केली नाही. मग बोट एक ओळ खाली सरकलं आणि तिनं पुढचं नाव वाचलं, त्याच सरळ आवाजात, मग त्याच्या पुढचं. शेवटपर्यंत वाचून तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवले.

बाकीच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. मी तोंड उघडून सांगायला पाहिजे होतं, की एक नाव राहिलं. मास्तरकीची इतकी वर्षं झाली, पोरींनी एक ओळ गाळली तर मी लगेच टोकते.

ती तालुक्याला पंचायत समितीत जाऊन आली. साहेब बरे होते, त्यांनी उभ्या उभ्या का होईना, ऐकून घेतलं. म्हणाले, सही करणाऱ्यांपैकी कोणी लिहून दिलं, की सभा झालीच नाही आणि सही घरी येऊन घेतली, तर चौकशी लावता येईल. मावशीनं लिहून दिलं. ते म्हणाले, हिचं तर कामच गेलं आहे, ती म्हणणारच. दुसरं कोणीतरी पाहिजे. शिकलेलं असलं तर बरं.

ती क्लास नसताना आली. रविवार होता. मी चहा केला. तिनं तो पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला आणि मग विचारलं.

"मॅडम, तुम्ही लिहून देसान काय?"

त्या आठवड्यातच माझी फाइल अध्यक्षांच्या टेबलावरून पुढे सरकल्याचा निरोप आला होता. हे मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही.

"पाहू," मी म्हटलं.

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. पाहू म्हणतात. लहान लेकरालाही त्याचा अर्थ कळतो.

"हाव मॅडम," ती म्हणाली आणि उठली. दारात चपला घालताना तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, तोंडाकडे नाही. त्यानंतर ती क्लासला आली नाही. पोरींनी विचारलं तर मी म्हटलं, तिचं शेवटचं वर्ष आहे, अभ्यास असेल.

मावशी आता लोकांच्या शेतात निंदायला जाते. सकाळी बायांच्या घोळक्यात विळा घेऊन जाताना दिसते. पोरीनं तिला त्या दुसऱ्या पानाबद्दल सांगितलेलं नाही, हे मला तिच्या बोलण्यावरून कळतं. अजून थांबते, अजून जय भीम करते. मध्यंतरी म्हणाली, "तुम्ही पोट्टीले बोलतं केलं मॅडम, तुमचे उपकार कधी फिटाचे नाही. पण आता ते बोलतच नाही वो. इंग्रजीबी नाही, अन् माह्याशीबी नाही. तुम्ही एखांद्या खेप समजावून सांगा ना."

मी म्हटलं, पाहू.

बारावा धडा मी आता सोडून देते. विमानतळावरून थेट तेराव्यावर, डॉक्टरकडे गेल्यावर काय बोलायचं. पोरींनाही तेच बरं वाटतं.

ह्या वर्षीच्या मे महिन्यात शिपाई पुन्हा आले. मी म्हटलं, बसा. त्यांना पाणी दिलं. रजिस्टर मांडीवर घेतलं, रबर काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. ते गडबडले. "मॅडम, कोणी वाचत नसते थे," म्हणाले. मी वाचत राहिले. रस्त्याचा ठराव, हापशीचा ठराव, आणि चौथ्या पानावर: शालेय स्वयंपाकाचे काम समाधानकारक असल्याने पुढील वर्षीही त्याच बचत गटाकडे ठेवण्यात यावे. सर्वानुमते. मी ते दोनदा वाचलं.

मग रबर पुन्हा चढवलं आणि शेवटच्या पानावर सही केली.